केसाळ, तपकिरी आणि बिनतोंडाचा

दर वर्षी जूनच्या मध्यावर मला व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. पाठवणारे बदलतात. कधी नाशिकमधल्या सातपूरची मावशी, कधी इंदिरानगरचा शाळासोबती, एकदा तर पंचवटीतल्या आमच्या जुन्या दूधवाल्यानं पाठवला होता. फोटो मात्र ठरलेला: पांढरी भिंत, ट्यूबलाइटचा उजेड आणि मधोमध तळहाताच्या रुंदीचा, मातकट तपकिरी, अंगभर लव असलेला एक पतंग. खाली प्रश्न, "हे काय आहे? चावतं का?"

मग गणपतीच्या सुमारास, बहुतेक त्याच घरांमधून, दुसरा फोटो येतो. परसातल्या शेवग्याचं खोड, आणि त्यावर केसाळ अळ्यांची एवढी दाटी, की खोडाला कुणी घोंगडीचा तुकडा गुंडाळून ठेवलाय असं वाटावं. या वेळी "हे काय आहे?" नसतं. थेट "काय मारू?" असतं.

दोन्ही फोटो एकाच प्राण्याचे असतात. हे सांगितलं की पलीकडून थोडा वेळ काही उत्तर येत नाही. मावशीनं गेल्या वर्षी बऱ्याच वेळानं लिहिलं, "अरे, पण तो भिंतीवरचा तर किती गरीब दिसत होता!"

शाळेत आपण सगळ्यांनीच अंडी, अळी, कोष, फुलपाखरू असं चक्र वहीत काढलेलं असतं. त्या चक्राच्या शेवटी नेहमी रंगीत फुलपाखरूच असायचं. घुल्यातून तपकिरी पतंग बाहेर पडतो, असं चित्र मी तरी कुणाच्या वहीत पाहिलेलं नाही. भारतात फुलपाखरांच्या जाती दीड हजाराच्या आसपास आणि पतंगांच्या १० हजारांहून जास्त. म्हणजे समोर दिसलेल्या अळीचं पुढे काय होणार यावर पैज लावायची झाली, तर पैसे पतंगावर लावावेत. तरी कौतुक सगळं फुलपाखराचं. २०१५ मध्ये निलवंत हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. पतंगांना अजून कुणी बोलावलेलं नाही.

आडनाव आधी, नाव नंतर

अळीला मराठीत नावांची कमी नाही: सुरवंट, घुला, केसाळ अळी, आणि खाज सुटल्यावर तिला जे म्हणतात ते वेगळंच. पतंगाला मात्र स्वतःचं नाव नाही. तो नुसता पतंग, किंवा पाकोळी. पाकोळी म्हणजे काही ठिकाणी छोटं वटवाघूळसुद्धा, आणि गंमत अशी की या दोघांचं हाडवैर आहे. ते पुढे येईलच.

शास्त्रीय नावं शाळेच्या हजेरीपटासारखी असतात, आडनाव आधी. याचं नाव युप्टेरोटी मोलिफेरा. युप्टेरोटी हे आडनाव ग्रीकमधून आलंय, अर्थ साधारण 'चांगल्या पंखांचा'. मोलिफेरा लॅटिन, 'मऊपणा अंगावर वागवणारा'. हे नाव १९व्या शतकात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून हजारो कीटकांची बारशी करणाऱ्या फ्रान्सिस वॉकर यांनी ठेवलं. त्यांनी ठेवलेली बरीच नावं पुढच्या लोकांना निस्तरावी लागली, पण हे मात्र चपखल बसलंय. ज्या कुळात हा मोडतो त्याला इंग्रजीत मंकी मॉथ म्हणतात, माकडपतंग. त्या अळ्यांचं केसाळ अंग पाहिलं की कारण विचारावं लागत नाही.

या आडनावाचे भाऊबंद सह्याद्रीत बरेच आहेत आणि ते एकमेकांसारखे दिसतात. दक्षिणेत वेलदोड्याच्या मळ्यांत उच्छाद मांडणारे घुलेही याच घराण्यातले. शिवाय एकाच जातीत फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत छटा सापडतात. त्यामुळे भिंतीवरच्या एका फोटोवरून मी छातीठोकपणे जात सांगत नाही, घराणं सांगतो. अळी शेवग्यावर असेल तर गोष्ट वेगळी. शेवगा हे मोलिफेराचं खास झाड. कृषी विभागाच्या पत्रकांत 'शेवग्यावरील केसाळ अळी' म्हणून जी असते, ती हीच.

दिसतो कसा

पंख पसरले की ६ ते ८ सेंटीमीटर. रंग फिकट पिवळसर तपकिरी, म्हणजे चहात दूध जरा जास्त झालं की होतो तसा. पंखांवर आडव्या पुसट रेषा असतात. जुन्या धोतराच्या घडीचे डाग राहावेत इतक्या पुसट. डोळ्यासारखे ठिपके नाहीत, चमक नाही. मोठा तपकिरी पतंग आणि पंखांवर काचेसारखे गोल डोळे दिसले, तर तो टसर रेशमाचा किंवा त्याच्या नात्यातला, हा नव्हे.

पुढचं सगळं केसांत. डोक्यामागचा भाग, जिथून पंख आणि पाय निघतात, तो दाट लवेनं भरलेला असतो. पायांनाही लव, पार मांड्यांपर्यंत. बसलेला असताना पुढचे पाय पुढे ताणतो, तेव्हा लोकरी पायमोजे घातल्यासारखे दिसतात.

हे आपण ज्याला केस म्हणतोय ते आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे नाहीत. पतंग आणि फुलपाखरं मिळून जो गट होतो त्याला खवलेपंखी म्हणतात. पंखाला बोट लावलं की जी भुकटी बोटाला लागते, ती म्हणजे सूक्ष्म खवले, घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. अंगावरची लव म्हणजे हेच खवले, फक्त ओढून लांब आणि बारीक केलेले. कौल आणि लव, दोन्ही एकाच मातीची. ती माती कायटिन नावाची, झुरळाच्या पाठीचं कवचही तिचंच.

आणि हो, चावतं का? नाही. चावायला तोंडच नाही. या घराण्यातल्या बहुतेक पतंगांची सोंड इतकी खुजी असते की तिचा उपयोग होत नाही. प्रौढ पतंग काही खात नाही आणि पीत नाही. अळी असताना पोटात साठवलेल्या चरबीवर त्याचे मोजके दिवस निघतात. सगळं जेवण लहानपणीच उरकून घ्यायचं आणि मोठेपणी फक्त लग्न.

हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण सटाणा-देवळा-मालेगाव पट्ट्यातल्या डाळिंबवाल्यांना तपकिरी पतंग दिसला की धडकी भरते, आणि ती रास्त आहे. फळातला रस शोषणारे पतंग खरोखरच असतात. त्यांची सोंड करवतीसारखी, डाळिंबाच्या सालीतून आरपार जाणारी. पण ते दुसऱ्या घराण्यातले. त्यांचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे पंख उघडले की भडक नारिंगी-पिवळे, आणि त्यांच्या अळ्या बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर वाढतात. तपकिरी दिसला म्हणून सगळ्यांना एकाच दोरीत बांधू नये.

मिशा आणि पैठणी

नर आणि मादी ओळखायची खूण डोक्यावर आहे. दोघांनाही कंगव्यासारख्या दातेरी मिशा असतात, पण नराच्या जास्त रुंद, पिसासारख्या. मादी अंगानं जड, पोट भरदार, कारण ते अंड्यांनी भरलेलं असतं.

त्या मिशा म्हणजे नराचं नाक. मादी एका जागी बसून हवेत वास सोडते आणि नर त्या वासाचा माग काढत येतो. हा वास नेमका काय असतो हे पहिल्यांदा उलगडलं १९५९ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीम पतंगाच्या तब्बल ५ लाखांच्या घरातल्या माद्यांमधून चिमूटभर पदार्थ वेगळा काढला आणि त्याला बॉम्बिकॉल नाव दिलं. प्रत्येक जातीचा वास वेगळा असतो, पण पद्धत तीच.

रेशीम पतंगाचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. नाशिकपासून ८०-८५ किलोमीटरवर येवल्यात हातमागावर जी पैठणी विणली जाते, तिचा धागा याच रेशीम पतंगाच्या कोषाचा. आणि वर्गीकरणात रेशीम पतंग व आपला शेवग्यावरचा केसाळ हे एकाच मोठ्या गोतात येतात, त्याला बॉम्बिकॉइडिया म्हणतात. रेशीम पतंगही लवदार, त्यालाही खाता येत नाही, त्याच्याही मिशा कंगव्याच्या. एका भावाचा कोष उकळून आपण काठपदर विणतो, दुसऱ्याला झाडूनं झोडपतो. आमच्या घरी पैठणीच्या कपाटावर बसलेला असा एक पतंग आईनं वर्तमानपत्राची सुरळी करून हाकलला होता. मी नातं सांगायचा प्रयत्न केला. कुणी ऐकून घेतलं नाही.

एवढी लव कशाला?

दोन कारणं. पहिलं साधं आहे, ऊब. मोठ्या पतंगाचे उडायचे स्नायू तापल्याशिवाय चालत नाहीत, जुन्या डिझेल गाडीसारखे. म्हणून उडण्याआधी तो जागच्या जागी पंख थरथरवतो. भिंतीवरचा पतंग अचानक थरथरू लागला की लोक म्हणतात, मरतोय बिचारा. तो इंजिन गरम करत असतो. पावसाळी रात्री, हवेत गारवा आणि ओल असताना, ही कमावलेली ऊब निसटू नये म्हणून छातीवर लोकरीचं जाकीट.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. पतंगाचा रात्रीचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे किडे खाणारं छोटं वटवाघूळ, आपली दुसरी पाकोळी. ते अंधारात किंचाळत उडतं, पण इतक्या उंच स्वरात की आपल्या कानाला पत्ता लागत नाही. तो आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की वटवाघळाला कळतं, कुठे काय आहे. विहिरीत ओरडल्यावर घुमणाऱ्या आवाजावरून खोली ओळखावी, तसंच काहीसं.

बऱ्याच पतंगांना यावर उपाय म्हणून कान असतात. वटवाघळाची चाहूल लागली की ते गिरकी घेऊन खाली पडतात. बॉम्बिकॉइडिया गोतातल्या बहुतेकांना असे कान नाहीत, आपल्या केसाळाला तर नाहीतच. तो ठार बहिरा. मग करायचं काय? आवाज परत जाऊच द्यायचा नाही. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि गाद्या-पडदे आले की बसतो, हा अनुभव मंगल कार्यालयात गेलेल्या प्रत्येकाला आहे. छातीवरची दाट लव म्हणजे पतंगाची गादी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दोन बहिऱ्या, लवदार पतंगांवर हे मोजलं, एक मादागास्करचा आणि एक उत्तर अमेरिकेतला. त्यांच्या छातीवरची लव येणाऱ्या आवाजातली ८५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा गिळत होती, आणि त्यामुळे वटवाघळाला पतंग दिसण्याचं अंतर जवळजवळ २५ टक्क्यांनी घटू शकत होतं. फुलपाखरांची लव याच्या जवळपासही नव्हती. साहजिकच, फुलपाखरू दिवसा उडतं; त्याला वटवाघळाशी काय देणंघेणं?

पत्ता चार ओळींचा

आता राहतो कुठे? इथे बहुतेक लेख 'पानझडी जंगलात आढळतो' असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. या पतंगाचा पत्ता चार ओळींचा आहे आणि त्यातली एक ओळ खोडली की पत्र पोचत नाही.

पहिली ओळ, पान. मादी पानांच्या खालच्या बाजूला, कोवळ्या फांद्यांवर, पुंजक्यानं अंडी घालते. वरून पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, आणि बाहेर पडलेल्या इवल्या अळ्यांना जेवायला चालावं लागत नाही.

दुसरी ओळ, खोड. अळ्या मोठ्या होत जातात, कात टाकत जातात, आणि दिवसा झाडाच्या खोडावर एकत्र दाटीनं बसतात. रात्र झाली की वर चढून पाला खातात, उजाडता परत खाली. खोडाची सालही खरवडतात. एकत्र का? एकट्या घुल्याला पक्षी एकदा चोच मारून बघेल. शंभर जणांच्या केसाळ गालिच्यात चोच घालायला धीर लागतो. पहाटे टॉर्च घेऊन पाहिलं तर ही परतीची रांग दिसते. आमच्याकडे एकदा त्या रांगेनं वाट चुकून न्हाणीघराची भिंत धरली होती, त्याबद्दल न बोललेलं बरं.

तिसरी ओळ, माती. भरपेट झालेली अळी खोडावरून उतरते, झाडाखालच्या पालापाचोळ्यात, भुसभुशीत मातीत शिरते आणि कोष करते. रेशीम कमीच, त्यात स्वतःचे केस आणि मातीचे कण मिसळलेले. बांधकामवाल्याच्या भाषेत सांगायचं तर सिमेंट थोडं, वाळू जास्त. या कोषात ती पडून राहते. वर उन्हाळा तापतो, गुढीपाडवा होतो, अक्षय्य तृतीया होते. पाऊस पडला, माती भिजली, की पतंग वर येतो. म्हणून तर दिव्यावरचे फोटो मृगाच्या सरींनंतरच येतात.

चौथी ओळ, अंधार. चार-आठ रात्रींत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. आणि इथेच आपला ओट्यावरचा दिवा मध्ये येतो. पतंग दिव्यावर प्रेम करतो म्हणून झेप घेतो, हे शायरांनी पसरवलेलं. २०२४ मध्ये सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांची उड्डाणं टिपली आणि वेगळंच काही दिसलं: उडणारे किडे पाठ उजेडाकडे करतात. लाखो वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आभाळाची बाजू होती. पाठ तिकडे केली की आपोआप सरळ उडता येतं. दिवा शेजारी आला की हे गणित बिघडतं. पतंग पाठ दिव्याकडे वळवतो, तिरका होतो, गोल फिरतो, पुन्हा वळवतो. त्याला दिव्यापाशी यायचं नसतं, तिथून सुटता येत नसतं.

चारही ओळी डोक्यात ठेवून नाशिककडे पाहा. गंगापूर रोडला माझ्या ओळखीच्या एका बंगल्यात जुना शेवगा आहे. दहा वर्षांपूर्वी तिथे दर पावसाळ्यात घुले असायचे. मग मालकांनी झाडाभोवती पेव्हर ब्लॉक बसवले, बुंध्याला लागून. पान होतं, खोड होतं, अंधार थोडाफार होता. तिसरी ओळ गेली. घुले पुढे तुरळक झाले. मालक म्हणतात कीटकनाशकानं गेले. मी वाद घालत नाही, चहा चांगला असतो त्यांच्याकडे.

घाट आणि माळ

नाशिक जिल्हा अशा अभ्यासाला सोन्यासारखा आहे, कारण इथे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतरात दोन वेगळे देश आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या अंगावर झाडी, खाली जाड पालापाचोळा, रात्री मिट्ट काळोख. युप्टेरोटी घराण्याचं माहेर हे. इथे त्यांना शेवग्याचीही गरज नाही. रानातली वेगवेगळी झाडं भाऊबंदांनी वाटून घेतलेली आहेत.

पूर्वेला सिन्नर, येवला. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. बाभूळ, बोर, कुसळी गवत. इथे शेवगा लावलेला असेल तर मोलिफेराला जागा आहे, पण माळरानावरचा खरा केसाळ तपकिरी गडी दुसराच: स्ट्रेब्लोटी सिवा. नावातला सिवा म्हणजे शिवच. तो बाभळीवर आणि बोरीवर वाढतो, इथून थेट अरबस्तानापर्यंत कोरड्या मुलखात सापडतो. पतंग जाडजूड, बसला की वाळक्या पानाची घडी. त्याची अळी तर नकलाकारच. अंगाच्या दोन्ही कडांना केसाळ झालर असते. फांदीवर पोट दाबून बसली की झालर फांदीला टेकते, सावलीसुद्धा पडत नाही. बोरं काढताना माणूस फांदी धरायला जातो आणि फांदी मऊ लागते. पुढची पाच मिनिटं त्या माणसाच्या जवळ उभं राहू नये.

म्हणून कुणी विचारलं की केसाळ तपकिरी पतंग दिसला, कुठला असेल, तर माझा पहिला उलटा प्रश्न असतो: जवळ झाड कुठलं आहे?

खाज सुटली तर

पतंगाची लव निरुपद्रवी आहे. अळीचे केस मात्र तिचं हत्यार. ते ठिसूळ असतात, कातडीत टोचून मोडतात आणि शरीर त्यावर चवताळतं. लाल गांध्या, आग, खाज. अळीनं टाकलेल्या कातेत आणि कोषातही हे केस असतात, म्हणून अळी न दिसताही झाडाखाली खाज सुटू शकते. केस वाऱ्यानं उडतात, दोरीवरच्या कपड्यांवर बसतात.

पहिली गोष्ट, चोळायचं नाही. चोळलं की केस आत जातो. चिकटपट्टी हलकेच लावून उपटायची, दोन-तीनदा, दर वेळी नवी. मग साबण आणि वाहतं पाणी. अंगावरचे कपडे धुवायला. आमच्या आजोळी घोंगडी फिरवायचे. एका दिशेनं हलक्या हातानं फिरवली तर खरखरीत लोकरीत केस अडकून निघत असावेत, पण लोक घाईनं खसाखसा घासायचे आणि मग रात्रभर जागायचे. डोळ्यात केस गेला तर घरगुती काहीही करू नका, पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा. श्वासाला त्रास झाला, ओठ-चेहरा सुजला, तर वेळ न घालवता दवाखाना.

'शेवगा दारात लावू नये' असं जुनी माणसं म्हणतात. भुताखेतांच्या गोष्टी त्याला पुढे चिकटल्या. खरं कारण मला तरी दोन ओळींचं दिसतं: लाकूड ठिसूळ, वाऱ्यानं फांदी डोक्यात पडते, आणि पावसाळ्यात अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर घुले. परसात लावा, दारात नको. सल्ला शहाणपणाचा होता, भूत नंतर आलं.

काय मारू?

शेवगा विकण्यासाठी लावला असेल तर नुकसान खरं आहे. जोर झाला की झाड पानं गमावून उघडं पडतं. पण ही कीड मारायला सोपी आहे, कारण ती दिवसा स्वतःहून एका जागी गोळा होऊन बसते. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, आणि साबणाच्या पाण्याची बादली. जुन्या झाडूनं खोडावरून खाली ढकलायचं. अंड्यांचे पुंजके दिसले तर ती पानंच तोडून टाकायची. बागायतदार पहिल्या पावसानंतर लगेच प्रकाश सापळे लावतात, ते वेळेवर लावले तर अंडी पडायच्या आधीच पतंग सापडतात. झाडाखालची माती चाळवली की कोष वर येतात. उन्हानं जातात, साळुंक्या-कावळे उरलेले पाहतात.

टेंभा पेटवून खोडावरचे घुले जाळायची पद्धत आहे, आणि ती कृषी सल्ल्यातही सापडते. मला ती पटत नाही. साल भाजते, आणि जळक्या केसांची धूळ नाकातोंडात जाते. फवारणीबद्दल एवढंच: शेवग्याचा पाला आपण भाजी करून खातो आणि फुलांवर मधमाश्या असतात. ज्याची भाजी रात्री ताटात येणार, त्यावर सकाळी विष मारायचं का, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं.

आणि आपल्याकडे पगार न घेणारी माणसंही आहेत. मे-जूनमध्ये 'पेर्ते व्हा' असं ओरडून डोकं उठवणारा पावशा आणि आफ्रिकेतून पावसाबरोबर येणारा चातक, हे दोघे कोकीळ घराण्यातले. बाकीचे बहुतेक पक्षी केसाळ अळी टाळतात, यांना ती आवडते. पकडून आपटतात, झटकतात, मग गिळतात. पोटात केस साठले की ते पोटाच्या आतल्या अस्तरासकट ओकून टाकतात आणि पुन्हा जेवायला मोकळे. चातक फक्त पावसाचं पाणी पितो असं आपण पोरांना सांगतो. तो घुले खातो हे सांगत नाही. कवितेत ते बसलं नसतं हेही खरं.

आता फोटो पाठवणाऱ्यांसाठी एक विनंती. पतंगाचा फोटो वरून एक आणि बाजूनं एक असा काढा, मिशा दिसू द्या, आणि मापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं धरा. फोटो झाला की ओट्यावरचा दिवा मालवा. अर्ध्या तासात तो आपोआप निघून जातो. अळीचा फोटो काढायचा असेल तर झाडाचं पान नक्की येऊ द्या, आणि उभं राहताना वारा पाठीमागून येतोय ना, एवढं बघा. गेल्या सप्टेंबरात शाळासोबत्यानं हे शेवटचं पाहिलं नव्हतं. त्यानं नंतर फोटो पाठवला तो स्वतःच्या मानेचा.